घड्याळ कुठे सुरू केलं?

डोंगरावर पळणं म्हणजे डोंगराची थट्टा, हे गेल्या अंकातल्या पत्राचं मत घाईचं आहे. डोंगरधावक किलियन जोर्नेतने २०१३ मध्ये मॅटरहॉर्न २ तास ५२ मिनिटांत चढून-उतरून दाखवला. सुरुवात आणि शेवट पायथ्याच्या चेर्विनिया गावातल्या चर्चपाशी. पुढच्याच वर्षी कार्ल एग्लॉफने किलिमांजारो ६ तास ४२ मिनिटांत उरकला. यात थट्टा कसली?

खरी अडचण मोजमापाची. १६४६ मीटरच्या कळसूबाईची वेळ सांगताना घड्याळ पायथ्याच्या बारी गावात सुरू झालं की वरच्या लोखंडी शिड्यांपाशी, हे अनेकदा गुलदस्त्यातच राहतं.

आमच्याकडच्या कुडपणच्या रानात तर गुरांच्या वाटाच चकवतात, मग वेळ मोजणं आणखी अवघड. आषाढात शेवाळलेल्या कातळावर पाऊल कसं टाकावं, हे आधी गावकऱ्यांना विचारावं. म्हणूनच पावसाळी वेळांची नोंद वेगळी ठेवावी, ती उन्हाळी वेळांत मिसळू नये.

– एक वाचक, पोलादपूर