बाहेर पडलो, मग माल आत आला कुठून?

‘४ नोव्हेंबर २०१९ ला आपण बँकॉकहून उठून आलो, म्हणून भिवंडीचा माग आज चालतो आहे.’ हे वाक्य एका व्याख्यात्यांनी आमच्या गावात, यंत्रमागांच्या भिवंडीत येऊन उच्चारलं. त्यावर टाळ्या पडल्या. टाळ्यांची चव लागलेला माणूस पुढे जे करतो तेच त्यांनीही केलं आणि त्याच वाक्यावर एक लेख लिहिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या ओळखीचे कारखानदारही होते. त्यांतल्या एकाने अर्धा कारखाना भंगारवाल्याला किलोवर विकलेला आहे. त्याने टाळी का वाजवली हे मी विचारलं नाही. पाहुण्यासमोर हाताची घडी घालून बसणं बरं दिसत नाही, एवढंच कारण असावं.

व्याख्यात्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आंतरराष्ट्रीय संघ, गट, करार हे बड्यांनी लावलेले सापळे असतात. शहाणा देश त्यांत शिरत नाही, आणि शिरलाच असेल तर बाहेर पडतो. आपण ‘आरसेप’ या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडलो, आता आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी २००९ साली केलेला मालव्यापाराचा करारही फाडावा. ब्रिटनने युरोपीय संघ सोडून दाखवला, मग आपणच का भ्यावं? आणि याला जे विरोध करतील ते आयातदारांचे दलाल. हा शेवटचा मुद्दा आधीच निकालात काढतो. दलाली मिळत असती तर माझ्या घराच्या पत्र्यातून गेल्या पावसाळ्यात पाणी गळलं नसतं.

आरसेपची हकीकत सरळ सांगायला हवी, कारण टाळ्यांत ती हरवली. नोव्हेंबर २०१२ मध्ये नॉम पेन्हला बोलणी सुरू झाली. आसियानचे दहा देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत असे सोळा जण होते. आयात ठरावीक मर्यादेपलीकडे उसळली की शुल्क आपोआप पुन्हा लागू व्हावं, कपातीसाठी २०१४ ऐवजी २०१९ चे दर पायाभूत धरावेत, चिनी माल तिसऱ्याच देशाचं लेबल लावून येऊ नये म्हणून मूळ देशाचे नियम कडक असावेत, या भारताच्या मागण्या होत्या. त्या मान्य झाल्या नाहीत, आणि बँकॉकला आपण सही करणार नसल्याचं सांगितलं. उरलेल्या पंधरांनी १५ नोव्हेंबर २०२० ला केली. मागण्या रास्त होत्या आणि सही नाकारण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आपण त्या गटात कधी गेलोच नव्हतो, उंबऱ्यावरून परतलो, हे मात्र ‘बाहेर पडलो, बाहेर पडलो’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

२०१९ च्या त्या आठवड्यात महाराष्ट्राला बँकॉककडे बघायला वेळ नव्हता. २४ ऑक्टोबरला विधानसभेचे निकाल लागले होते, मुख्यमंत्री कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. दिल्लीत मात्र श्रेयाची वाटणी झटपट उरकली. सत्ताधारी म्हणाले, ही आमची हिंमत. विरोधक म्हणाले, हा आमचा दबाव. २०१२ साली बोलणी सुरू करणारं सरकार याच विरोधकांचं होतं, पण श्रेयाच्या पंगतीत असल्या जुन्या गोष्टी कोण काढतो? शेतकऱ्यांचं नाव निघालं, दूधवाल्यांचं निघालं. माग चालवणाऱ्याचं नाव व्याख्यात्यांनी काही वर्षांनी जोडून दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

आता मुख्य गोष्ट. दार लावलं म्हणजे माल थांबला, हा त्यांच्या मांडणीचा पाया आहे. २०१८-१९ मध्ये, म्हणजे बँकॉकच्या आधीच्या आर्थिक वर्षात, चीनबरोबरची आपली व्यापारी तूट सुमारे ५३ अब्ज डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती ९९ अब्जांवर गेली. दार लावल्यावर तूट दुपटीच्या जवळ पोचते, तेव्हा लावलेलं दार नेमकं कोणतं हे विचारावंच लागतं. या तुटीतला मोठा वाटा यंत्रं, इलेक्ट्रॉनिक वस्तू, रसायनांचा आहे, कापडाचा नाही. हे मीच सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या व्याख्यानात त्यावर एक टाळी ठरलेली.

तर कापडाकडे येऊ. ऑगस्ट २०१८ मध्ये, आरसेपची बोलणी चालू असतानाच, सरकारने कापड-कपड्यांच्या ३२८ प्रकारांवरचं आयात शुल्क दहा टक्क्यांवरून वीस टक्के केलं. त्यासाठी कुठून बाहेर पडावं लागलं नाही. पण बांगलादेशाला शुल्क लागतच नाही. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान ढाक्याला गेले तेव्हा ४६ कापडी वस्तूंना शुल्कमाफी जाहीर झाली, आणि त्यानंतर अल्पविकसित शेजारी म्हणून जवळपास सगळाच माल मोकळा झाला. मग होतं ते असं, की चिनी कापड ढाक्याला जातं, तिथे त्याचा शर्ट शिवला जातो आणि तो शर्ट बिनशुल्क भारतात येतो. कापडावर वीस टक्के लावून आपण बसलो आहोत, आणि कापड आपल्याकडे कापड म्हणून येतच नाही, बाह्या-कॉलर लावून येतं. भिवंडीत निघणाऱ्या शर्टिंगची गिऱ्हाइकी जाते ती या वाटेने. ही वाट आरसेपची नाही, आसियानची नाही, आपल्याच दक्षिण आशियाई शेजारधर्माची आहे. व्याख्यात्यांच्या लेखात बांगलादेश हा शब्द एकदा येतो, तोही क्रिकेटच्या संदर्भात.

पुढची गंमत ऐका. मे २०२५ मध्ये केंद्राने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरची नाकी बंद केली. यायचं तर फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या बंदरांतून. देशभर ‘दार लावलं’ असं म्हटलं गेलं. न्हावा शेव्याहून निघालेल्या कंटेनरला भिवंडीकडे वळायला नवा रस्ता बांधावा लागत नाही, हे आमच्याकडे मानकोली नाक्यावर चहा पिणाऱ्या कोणालाही सांगता येईल.

दारं लावण्याच्या धंद्याबद्दल भिवंडीला बाहेरच्यांनी शिकवूच नये. आमची निम्मी समृद्धी दुसऱ्याच्या नाक्यावर उभी राहिली. मुंबईत माल नेला की जकात पडे, म्हणून व्यापाऱ्यांनी माल मुंबईच्या हद्दीबाहेर ठेवायला सुरुवात केली. काल्हेर, पूर्णा, वळ, राहनाळ, मानकोली इथल्या भातशेतीत गोदामं उगवली ती या जकातीच्या कृपेने. नाका बसवला म्हणून माल यायचा थांबला नाही. तो नाक्याच्या अलीकडे थांबला, त्याने जागा घेतली, भाडं दिलं आणि लागेल तसा आत गेला. १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात गेली, तरी गोदामं गेली नाहीत. उलट वाढली, आणि आता त्यांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांची खोकी असतात. त्या खोक्यांवर कुठल्या देशाचं नाव छापलेलं असतं ते व्याख्यात्यांनी परतीच्या वाटेवर गाडीची काच खाली करून बघायला हरकत नव्हती. एकाच गावात मागाचा खडखडाट कमी होतो आणि ट्रकांची रांग लांबते. माग सोडलेल्या घरातला मुलगा त्याच गोदामात स्कॅनर घेऊन उभा असतो. हे ज्याने पाहिलं आहे त्याला ‘माल थांबवला’ हे वाक्य उच्चारताना निदान ठसका लागायला हवा.

हा वाद मला नवा नाही. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या वेळीही मी हेच ऐकलं होतं. १५ एप्रिल १९९४ ला मराकेशला सह्या झाल्या तेव्हा आमच्याकडे चौकाचौकांत ‘बाहेर पडा’च्या सभा झाल्या. माग संपणार, बियाणं संपणार, देश गहाण पडणार. मी तेव्हाही विचारलं होतं, की बाहेर पडून कापड विकायचं कोणाला? उत्तर मिळालं नाही, ‘विदेशी एजंट’ ही पदवी मिळाली. त्याच व्यवस्थेने १ जानेवारी २००५ ला श्रीमंत देशांनी आपल्या कापडावर लादलेले कोटे संपवले. तेव्हा त्या सभांतल्याच काही मंडळींनी निर्यातीच्या संधींवर चर्चासत्रं घेतली. मला बोलावलं नाही. असो.

मुळात संरक्षण मिळालं कोणाला, हे बघायला सभागृहातून उठून सायझिंगपर्यंत, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यापर्यंत, जावं लागतं. आमचा बहुतेक लहान मागवाला दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड काढतो. सूत व्यापाऱ्याचं, ताण्याच्या धाग्यांचं बीम सायझिंगवरून येतं, याला पिकामागे, म्हणजे आडव्या धाग्याच्या एकेका फेकीमागे, पैशांत मजुरी. सूत महागलं की व्यापारी बीम द्यायचा थांबतो आणि माग उभा राहतो. म्हणजे मागवाल्याचं हित स्वस्त सुतात आहे आणि सूत काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं महाग सुतात. ‘देशी उद्योग’ म्हणून दोघांना एका पोत्यात घातलं की पोतं उचलणाऱ्याची सोय होते. २०२३ पासून पॉलिएस्टरच्या धाग्यांवर गुणवत्ता नियंत्रणाचे आदेश लागू झाले. मानक ब्युरोचा शिक्का नसेल तर बाहेरचं सूत आत यायचं नाही. देशाभिमानाला शोभेल असाच निर्णय. पुढे मागवाले, कपडेवाले ओरडत राहिले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने तेच आदेश मागे घेतले. दार लावल्याने माग वाचत असेल, तर तेच दार उघडा म्हणून मागवाला का ओरडत होता, याचं उत्तर लेखात सापडत नाही.

ब्रिटनचा दाखला त्यांनी का घेतला हे मला उमजलेलं नाही. २३ जून २०१६ च्या कौलात ५१.९ टक्के लोक ‘बाहेर’ म्हणाले. बाहेर पडायचं म्हणजे काय, हे ठरवण्यात साडेतीन वर्षं गेली. पंतप्रधानांनी आणलेला करार त्यांच्याच संसदेने १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. पंतप्रधान गेल्या, दुसरे आले. त्यांनी संसदच स्थगित केली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ती स्थगिती बेकायदा ठरवली. आयर्लंडच्या सीमेवर तपासणी नको म्हणून शेवटी ती समुद्रात गेली, म्हणजे स्वतःच्याच देशाच्या दोन भागांमध्ये. ३१ जानेवारी २०२० ला ते एकदाचे बाहेर पडले, आणि पडल्यावर करत काय आहेत? जगभर नवे करार. त्यातला एक २४ जुलै २०२५ ला आपल्याशीच झाला आणि आपल्या कापड-कपड्यांवरचं शुल्क काढण्याचं त्यात कबूल झालं. व्याख्यात्यांनी लेखाच्या चौथ्या परिच्छेदात करार म्हणजे सापळा असं म्हटलं आहे आणि नवव्यात या कराराचं स्वागत केलं आहे. मधल्या चार परिच्छेदांत काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत.

आसियानबद्दल एवढंच. त्या देशांबरोबरची तूट २०२२-२३ मध्ये ४४ अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि करार आपल्याला महाग पडला, हे खरं आहे. त्याचा फेरविचार करायचं २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी मान्य झालं. टेबलावर जागा असताना खुर्ची लाथाडायला सांगणारा सल्लागार कोणाचा, हे मी म्हणत नाही. दलालीचे आरोप करण्यात मला रस नाही.

मग करायचं काय? यावर व्याख्यात्यांनी तीन ओळी लिहिल्या, मी थोड्या जास्त लिहितो. साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे पिक टाकतो आणि एअरजेट सहाशेच्या वर. हा फरक सीमाशुल्काने भरून निघत नाही, भांडवलाने निघतो, आणि दहा-बारा मागांच्या मालकाला बँक दारात उभं करत नाही. विजेचा दर दर वर्षी सरकारच्या दयेवर असू नये. २०१७ ला कृत्रिम सुतावर आधी १८ आणि लगेच १२ टक्के जीएसटी, कापडावर ५. वरच्या फरकाचा परतावा वर्षभर मिळाला नाही, साचलेलं जुलै २०१८ पर्यंतचं क्रेडिट बुडालं. सप्टेंबर २०२५ मध्ये सुतावरही ५ टक्के झाले. आठ वर्षं लागली, आणि ही दुरुस्ती बँकॉकमध्ये नव्हे, दिल्लीतल्या एका बैठकीत झाली.

आसियानशी फेरवाटाघाटीसाठी तर एकच मागणी पुरे आहे. संवेदनशील मालाची यादी आठ आकडी कोडांनी ठरते. कोणत्या कोडावर सवलत द्यायची, कोणत्यावर नाही, हे तिथे एकेका ओळीवर भांडून मिळतं. मोठ्या सूतगिरण्या आणि धागा कंपन्या आपली यादी छापून, पुठ्ठ्यात बांधून दिल्लीला पाठवतात. भिवंडीच्या नारपोली, शांतीनगर, खोणी, नागाव इथे आज जे कापड निघतं ते कोणत्या कोडांत बसतं, त्यातलं किती आयातीशी थेट भिडतं, आणि ते विणायला लागणारं कोणतं सूत मोकळं यायला हवं, याचा एक कागद त्या दिवशी सभागृहात कोणाकडे नव्हता. व्यासपीठावरही नव्हता. मी संयोजकांना तसं सुचवलं, तर ते म्हणाले, पुढचं व्याख्यान विश्वगुरू या विषयावर ठरलं आहे.