चाकांवरचे घर आणि कागदावरचा पत्ता

ऑगस्ट २०२० मधली रविवारची सकाळ. अमेरिकेत शनिवारची रात्र. टेक्सासमध्ये राहणारा माझा भाचा व्हिडिओ कॉलवर आला आणि "आजी, आमचं नवं घर बघ," म्हणत त्याने फोन चहूकडे फिरवला. आई चष्मा पुसून बघू लागली. घर कसले, आगगाडीच्या डब्यासारखी एक लांबट पांढरी खोली होती. चोवीस फूट लांब, खाली चाके, पुढे ओढायला एक दणकट गाडी. टाळेबंदीनंतर दोघांच्याही कचेऱ्या घरातूनच चालू लागल्या होत्या. मग हजारो डॉलर भाडे भरून बंद खोलीत का बसायचे, असा विचार करून नवराबायकोने भाड्याचे घर सोडले, जुना ट्रेलर विकत घेतला आणि त्यातच बिऱ्हाड थाटले. आज या तळ्याकाठी, पंधरा दिवसांनी दुसऱ्या डोंगराखाली.

आमची आई माहेरची भालकीची. बोलता बोलता मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून पुन्हा मराठीत यायची तिची सवय आपल्या वाचकांना घरचीच वाटेल. आदिलाबादला येऊन तिला पन्नास वर्षे झाली, त्यामुळे त्यात तेलुगूही मिसळली आहे. तिने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"पाणी कुठलं?"

"टाकी आहे आजी, दीडशे लिटरची."

"आणि संडास?"

त्याचीही खाली वेगळी टाकी. आंघोळीच्या, भांड्यांच्या सांडपाण्याची आणखी एक. चार-पाच दिवसांनी ठरलेल्या ठिकाणी गाडी नेऊन नळीने त्या रिकाम्या करायच्या. स्वयंपाकाला गॅसची टाकी, विजेसाठी मुक्कामाच्या जागी खांबाला जोडायची जाड वायर.

"देव कुठं ठेवलेत रे?"

भाच्याने फोन वर नेला. फळीवर बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. गाडी वळणावर हलली तर पडू नयेत म्हणून दोन्ही तळाशी चिकटवलेले.

"देव चिकटवलेत होय!" आई हसली. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला. "आणि तुला पत्र टाकायचं तर पत्ता कुठला घालू?"

भाच्याचे उत्तर मोठे मजेशीर होते. तिथे वर्षभर फिरत राहणाऱ्यांसाठी पत्ता भाड्याने मिळतो. साउथ डकोटासारख्या राज्यात अशा टपाल सेवेकडे नाव नोंदवायचे आणि तिथे एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवायची. तेवढ्यावर त्या काळात गाडी चालवण्याचा परवानासुद्धा मिळत होता. टपाल त्या पत्त्यावर जमा होते आणि तुम्ही असाल तिथे पुढे पाठवले जाते. म्हणजे घर फिरते, पण कागदावरचा माणूस एका जागी स्थिर.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "बोर्डापलीकडच्या माळावर ते घिसाडी उतरले होते ना, त्यांच्याहून ह्यांचं वेगळं ते काय रे? भाता नाही, एवढंच."

मी काही बोललो नाही. का बोललो नाही, ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

* * *

आधी अमेरिकेचे थोडे. महामारीच्या काळात चाकांवरच्या घरांना तिथे अशी मागणी आली की २०२१ या एका वर्षात कारखान्यांतून अशी सुमारे ६ लाख वाहने बाहेर पडली. विमान नको, हॉटेल नको, लिफ्टमधली गर्दी नको. आपले अंथरूण, आपली चूल, आपला संडास आपल्याबरोबर. पण सगळेच हौसेने निघालेले नव्हते. २००८ च्या मंदीत घरे गमावून गाडीतच राहू लागलेल्या वयस्कर माणसांवरचा 'नोमॅडलँड' हा चित्रपट याच काळात आला आणि एप्रिल २०२१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी पोचली नाही. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तिथली कितीतरी सरकारी उद्याने आणि तळाच्या जागा बंद झाल्या, तेव्हा या फिरस्त्यांपुढे प्रश्न उभा राहिला की सगळ्यांना 'घरीच राहा' सांगतात, पण आमचे घर उभे कुठे करायचे?

नेमका हाच प्रश्न त्याच महिन्यात आमच्या गावाच्या वेशीवर उभा होता.

आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जातो. श्रीनगर ते कन्याकुमारी असा देशातला सर्वांत लांब रस्ता; जुनी माणसे या भागात त्याला अजून सात नंबरचा हायवे म्हणतात. उत्तरेला पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि थोड्याच दिवसांत हैदराबादकडून माणसांची रांग या रस्त्याने चालू लागली. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले, पायांत फाटक्या चपला. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशी त्यांची गावे. तेलंगणातून झारखंडला मजुरांची पहिली खास रेल्वे सुटली ती १ मे रोजी. तोवर चालण्याशिवाय इलाज नव्हता. चंद्रपूर-गडचिरोलीकडून मिरची तोडायला तेलंगणात आलेले मजूरही असेच रानावनातून परतत होते. अशाच मिरचीच्या शेतातून छत्तीसगडमधल्या विजापूरकडे निघालेली बारा वर्षांची एक मुलगी १८ एप्रिलला, घर अगदी जवळ आले असताना वाटेतच गेली. आमच्या गावातल्या कित्येकांनी त्या दिवसांत हायवेवर भात-सांबार, ताक, केळी वाटली. मीही दोन दिवस गेलो होतो. त्याचे फोटोही आहेत.

ज्याचा फोटो नाही ती गोष्ट आता सांगतो.

आमच्या कॉलनीपलीकडे मोकळा माळ आहे. मार्चच्या मध्यावर तिथे घिसाड्यांची तीन बिऱ्हाडे उतरली होती. नांदेडकडची माणसे. पूर्वी त्यांच्या बैलगाड्या असत, आता एक जुना 'छोटा हत्ती'. त्यावर ताडपत्री, पेट्या, कोंबड्यांचा खुराडा आणि ऐरण. गाडीच्या आडोशाला भट्टी. पुरुष तापलेले लोखंड सांडशीत धरायचा आणि बाई घण घालायची. पेरणीच्या आधीचे चैत्र-वैशाख हे त्यांचे कमाईचे दिवस. विळे, खुरपी, वखराच्या पाशी शेवटायला शेतकरी त्यांच्याकडेच येतात. आईनेही दोन खुरपी आणि एक विळी त्यांच्याकडे दिली होती.

बंदी लागली आणि शेतकरी यायचे थांबले. हातपंपावर पाण्याला आलेल्या त्यांच्या बायकांकडे लोक संशयाने पाहू लागले. 'कुठकुठून फिरून आलेत, कुणास ठाऊक' असे म्हणता म्हणता कॉलनीत अर्ज लिहायचे ठरले. मी भाषा शिकवणारा, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. 'सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने', 'लहान मुले व वृद्ध यांचा विचार करता' ही वाक्ये माझी. सहीही केली. अर्जावर एकूण बावीस सह्या होत्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे माळ रिकामा दिसला. तीन दगडांच्या चुली आणि राख तेवढी उरली. जिल्ह्याच्या सीमा बंद, पैनगंगेवर पहारा. ती माणसे कुठे गेली असतील, असे मी त्या दिवशी कुणालाही विचारले नाही. सकाळी फाटक उघडले तर आईची विळी आणि दोन्ही खुरपी कडीला नीट बांधून ठेवलेली. धार लावलेली. मजुरीचे ऐंशी रुपये राहिलेच.

जुलैत आमच्या कॉलनीत पहिला रुग्ण निघाला. तो पक्क्या घरातला होता. पास काढून, मोटारीने पाहुणे येऊन गेले होते. त्या घराविरुद्ध अर्ज कुणी लिहिला नाही, आणि लिहायचे कारणही नव्हते. शेजाऱ्यांनी डबे पोचवले.

* * *

साथ आली की घर सोडून उघड्यावर राहणे आपल्याला नवीन नाही. १८९६ पासून मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड, हुबळीकडे प्लेगने धुमाकूळ घातला तेव्हा उंदीर पडू लागले की अख्खे गाव उठून माळावर झोपड्या बांधून राहायचे. आपल्यातल्या अनेक घरांत पणजीच्या तोंडच्या त्या आठवणी अजून असतील. कर्नाटकात तर प्लेगअम्माची देवळे उभी राहिली. त्या वेळी केलेला १८९७ चा साथरोग कायदाच २०२० मध्येही वापरला गेला. म्हणजे जो माळावर जातो तो आजार पसरवतो असे नव्हे, तो आजारापासून दूर जातो, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. आपण विसरलो.

फिरस्त्यांवर संशय घेण्याची सवय मात्र इंग्रजांनी कायद्यातच घालून ठेवली. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरणारे बंजारे सैन्याला रसद पुरवत. रेल्वे आली, त्यांचा धंदा बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, तरी मनातला शिक्का राहिला. आपल्या सीमाभागाची गंमत अशी की तोच बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. १९५६ पर्यंत भालकी, किनवट, राजुरा आणि आदिलाबाद ही सारी एकाच हैदराबाद राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला रेषा ओढल्या गेल्या आणि एकाच तांड्यातले सोयरे तीन राज्यांच्या तीन याद्यांत गेले. ज्यांचे घर जागेवर आहे त्यांचीही ही गत, तर ज्यांचे घर चाकांवर आहे त्यांनी कोणत्या दाराशी उभे राहायचे?

निदान रेशनपुरते उत्तर कागदावर तयार होते. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालावे, ही सोय ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली आणि १ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटकासह बारा राज्ये त्यात आली. म्हणजे नांदेडचे कार्ड आदिलाबादेत चालायला हवे होते. पण मुळात कार्ड असेल तर! कार्डाला पत्ता लागतो आणि पत्त्याला घर. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात सर्व राज्यांना ही योजना ३१ जुलैपर्यंत लागू करायला सांगितले. माझ्या भाच्याला एका रात्रीच्या पावतीवर पत्ता मिळाला. घिसाड्याच्या तीन पिढ्या याच रस्त्याने ये-जा करीत आहेत आणि त्यांना तो मिळत नाही.

२०२१ मध्येच महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरच्या घरांसाठी तळ उभारायचे. तिथे पाणी, वीज, संडास, पहारा असावा. चांगली गोष्ट आहे. भाचा आला तर मी त्याला घेऊन जाईन. पण मनात येते, वाहन नवे आणि पांढरे असले की त्याला पर्यटन म्हणायचे आणि ताडपत्रीचे असले की अतिक्रमण, हा फरक आपण कशावरून करतो? तालुक्याच्या प्रत्येक गावाबाहेर एक मोकळी जागा, एक नळ, दोन संडास आणि नावनोंदणीची वही एवढेच ठेवले तर फिरस्त्यांचे निम्मे हाल थांबतील. हे काही नवे नाही. पुष्य अमावस्येला आमच्या केसलापूरच्या नागोबा जत्रेत मेस्राम गोंड बैलगाड्यांतून येतात, तळ ठोकतात, राहतात, परत जातात. तिथे जागा, पाणी, दवाखाना सगळे होते. मनात आणले की जमते.

आपल्या तिन्ही भाषांत एक सुंदर रीत आहे. निघताना 'जातो' म्हणत नाहीत. मराठीत 'येतो', आईच्या कन्नडमध्ये 'होगि बर्तेनि', इथल्या तेलुगूत 'वेळ्ळि वस्तानु'. जाऊन येतो. त्या तीन बिऱ्हाडांना आम्ही हेही म्हणू दिले नाही.

भाच्याने २०२२ मध्ये ट्रेलर विकला आणि घर घेतले. नातू झाला आहे. चिकटवलेले देव आता लाकडी देव्हाऱ्यात आहेत. आईने मात्र ते ऐंशी रुपये एका पुरचुंडीत बांधून आमच्या देव्हाऱ्यामागे ठेवले आहेत. दरवर्षी चैत्र लागला की ती मला माळापर्यंत चक्कर मारून यायला सांगते. मी जातो. २०२४ मध्ये एक घिसाडी कुटुंब आले होते, दुसरेच होते. त्यांना विचारले, त्यांनी माना हलवल्या. परत येऊन आईला सांगितले तर ती म्हणाली, "मग यांना पाणी हवं का ते विचारलंस का?"

विचारले नव्हते. कळशी घेऊन पुन्हा गेलो.