आचारसंहितेतली दिवाळी

ऑक्टोबर उजाडला की आमच्या कार्यालयातला फोन दिवसभर वाजतो. दिवाळी अंकाच्या धंद्यात हे दिवस जाहिरातींचेच. २०२४ मध्ये मात्र महिन्याच्या मध्यावर फोनचा सूर पालटला. 'फोटो काढा, नाव राहू द्या.' 'पद नको, नुसतं शुभेच्छुक लिहा.' 'तूर्त पान राखून ठेवा, कळवतो.' १५ तारखेला दुपारी निवडणूक आयोगाने दिल्लीत महाराष्ट्र विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या आणि संध्याकाळपर्यंत आमची चार रंगीत पानं मोकळी झाली. राखून ठेवलेल्या पानाबद्दल कळवायला कोणाचाच फोन आला नाही.

विधानसभा आणि दिवाळी अंक यांची गाठ आता जुनी झाली आहे. २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही वेळा मतदान ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर उरकलं. २०२४ मध्ये ते २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सगळा सण आचारसंहितेत. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, ऐन धनत्रयोदशी. माघारीची मुदत ४ नोव्हेंबर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. बंडखोरांची समजूत घालायला नेत्यांना यापेक्षा चांगला मुहूर्त सापडला नसता. फराळाच्या ताटाशी कोणी कोणाला कसली ओवाळणी कबूल केली, ते ४ तारखेला दुपारी तीन वाजता उघड व्हायचं होतं.

घोषणेनंतर दोन दिवसांनी एका लेखकाकडे निघालो होतो. वाटेत एका गावाच्या स्टँडवर थांबलो. तिथल्या सिमेंटच्या बाकांच्या पाठीवर आमदारांचं नाव कोरलेलं आहे, 'यांच्या स्थानिक विकास निधीतून' या शेपटीसकट. ग्रामपंचायतीचा शिपाई बादलीत खळ घेऊन एकेका बाकावर जुनं वर्तमानपत्र चिकटवत होता. परतीचा पाऊस नुकताच शिंतडून गेलेला. तो तिसऱ्या बाकाशी पोचेपर्यंत पहिल्या बाकावरचा कागद सुटून लोंबायला लागला आणि नावातली मधली चार अक्षरं पुन्हा दिसू लागली. मी म्हटलं, "तात्या, चुना फासला असता तर टिकलं असतं." ते म्हणाले, "चुना मग खरवडायचा कोणी? आचारसंहिता लागलीय म्हणून झाकायचं. उठली की कागद ओढला, झालं."

लागली आणि उठली. आयोगाचं पत्रक 'लागू झाली' म्हणतं, पण बोलताना आपण सगळेच 'लागली' म्हणतो. मराठीत ग्रहण लागतं, सुतक लागतं, संचारबंदी लागते. आपल्यावर बाहेरून काहीतरी येऊन बसतं, आपण ते निमूट पाळतो आणि ते फिटण्याची वाट बघतो. 'आचार' हा शब्द त्या नावात आहे खरा, पण गावाने तिला सुतकाच्या रांगेत बसवलं आहे. दहा दिवस गोडधोड करायचं नाही, देवाला शिवायचं नाही. बाराव्याला सगळं पूर्ववत.

ही गोष्ट सुरू कुठे झाली ते पाहिलं म्हणजे या शब्दाचं नवल वाटतं, कारण हे सुतक बाहेरून कोणी लावलेलं नव्हतं. १९५९ च्या जुलैमध्ये केरळातलं नंबूद्रिपादांचं कम्युनिस्ट सरकार केंद्राने बरखास्त केलं. त्याआधी महिनोन् महिने रस्त्यावर आंदोलन, गोळीबार, माणसं दोन तटांत फाटलेली. १९६० च्या फेब्रुवारीत मध्यावधी निवडणूक व्हायची होती आणि ती शांतपणे पार पडेल याची खात्री कोणालाच नव्हती. तेव्हा पक्षांनी सभा, मिरवणुका, भाषणं, घोषणा आणि भित्तिपत्रकं यांबद्दल काही नियम आपसांत मान्य केले. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या लोकांनी केलेला तो करार होता. दोन वर्षांनी, १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, आयोगाने तो देशभरच्या पक्षांकडे पाठवला. १९६८ मध्ये पक्षांशी चर्चा करून त्याचं जे रूप काढलं, ते किमान आचारसंहिता पाळण्याचं आवाहन होतं. आवाहन! हुकूम नव्हे.

मूळ कलमं आजही वाचण्यासारखी आहेत. कोणीतरी रस्त्यात उभं राहून, डोकी फुटलेली बघून ती लिहिली आहेत, हे ओळीओळीत कळतं. मिरवणुकीचा मार्ग आधी ठरवा आणि पोलिसांना कळवा. दोन पक्षांच्या मिरवणुका एकाच वाटेवर येणार असतील तर संयोजकांनी आधीच एकमेकांशी बोलून घ्यावं. मिरवणूक होता होईतो रस्त्याच्या उजव्या कडेने न्यावी. आततायी माणसांच्या हातात गैरवापर होईल अशा वस्तू बरोबर नसाव्यात. प्रतिपक्षाच्या नेत्यांचे पुतळे जाळू नयेत. दुसऱ्याची भित्तिपत्रकं फाडू नयेत. दुसऱ्याच्या भिंतीवर त्याला विचारल्याशिवाय काही लिहू नये. मतदाराला द्यायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर असावी, तीवर चिन्ह नको की उमेदवाराचं नाव नको. केंद्राजवळचा पक्षाचा मांडव साधा असावा, तिथे खाणंपिणं वाटू नये. आणि माझं सर्वांत आवडतं कलम: एखाद्याची मतं कितीही खटकत असली तरी त्याच्या घरासमोर निदर्शनं करायची नाहीत. माणसाला शांतपणे घरात राहायचा हक्क आहे, हे राजकीय पक्षांना लिहून सांगावं लागलं.

सत्ताधाऱ्यांसाठीचा भाग पुढे १९७९ मध्ये आला. त्याच्या चारच वर्षं आधी, १२ जून १९७५ ला, अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली होती आणि त्या निकालात सभेसाठी सरकारी यंत्रणेने उभारून दिलेल्या व्यासपीठांचा मुद्दा होता. नंतर देशाचं काय झालं ते सांगायला नको. म्हणून १९७९ च्या त्या कलमांत मैदानं आली, हेलिपॅड आले, सरकारी विश्रामगृहं आणि डाक बंगलेही आले. ही कोणा एका पक्षाची मिरास नाही, सगळ्यांना सारख्या अटींवर मिळाली पाहिजेत. मंत्र्याने सरकारी दौऱ्याला प्रचार जोडू नये. सरकारी खर्चाने स्वतःच्या कर्तृत्वाच्या जाहिराती देऊ नयेत. बाकावर कागद चिकटवणारे तात्या याच कुळातले.

या सगळ्याच्या मागे स्वतंत्र कायदा नाही. लाच, दमदाटी, धर्माच्या नावाने मत मागणं, यांना लोकप्रतिनिधित्व कायद्यात आणि फौजदारी कायद्यात कलमं आहेत. खुद्द संहिता मात्र करारच आहे. मग ती चालली कशावर? सुतक चालतं त्यावरच. सुतकात कोणी देवळात गेला तर फौजदार येत नाही, आळी बघते. टी. एन. शेषन १९९० च्या डिसेंबरात मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि त्यांनी या आळीला डोळे दिले. कागदावरची अक्षरं तीच होती. १९९३ मध्ये हिमाचलचे राज्यपाल गुलशेर अहमद मध्य प्रदेशात आपल्या मुलाच्या प्रचारात दिसले. आयोगाने सतन्याची ती निवडणूक थांबवली आणि राज्यपालांना पद सोडावं लागलं. खटला नाही, तारीख नाही, अपील नाही. बभ्रा झाला, तेवढ्यावर काम भागलं.

म्हणूनच संहितेला कायद्याचा दर्जा द्या, अशी शिफारस २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने केली तेव्हा खुद्द आयोगच त्याला अनुकूल नव्हता. त्यांचं म्हणणं असं की निवडणूक दीड महिन्यात संपते, कोर्टाचा निकाल कधी येईल सांगता येत नाही. आपल्याला याचा दाखला मुंबईतच आहे. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक १९८७ च्या डिसेंबरात झाली. डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारातल्या बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांवरून उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ती निवडणूक रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या डिसेंबरात तो निकाल कायम केला आणि बाळासाहेबांचा मताधिकार काढून घेण्याचा आदेश निघाला १९९९ मध्ये. ज्या विधानसभेची ती जागा होती तिची मुदत १९९० मध्येच संपली होती. न्याय झाला, पण मधल्या काळात पहिलीतलं पोर मतदानाच्या वयाला आलं.

तेव्हा कायदा करा म्हणून मी ओरडणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आळीचे डोळे आता खालीच बघतात. बाकावरचं नाव झाकायला विसरलेल्या ग्रामसेवकाला चोवीस तासांत खुलासा द्यावा लागतो. पन्नास हजारांवर रोकड घेऊन निघालेला सोयाबीनचा व्यापारी नाक्यावर कागद दाखवत उभा राहतो आणि तोवर हमाल ताटकळतात. व्यासपीठावरून मात्र वाटेल ते बोलता येतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये आमच्या हातात फारसं काही नाही असा सूर आयोगाने सर्वोच्च न्यायालयात लावला. न्यायालयाने कान पिळल्यावर त्याच दिवशी योगी आदित्यनाथ, मायावती, आझम खान आणि मनेका गांधी यांना दोन-तीन दिवसांची प्रचारबंदी झाली. म्हणजे हातात होतं. २०२४ मध्ये लोकसभेच्या वेळी पंतप्रधान आणि राहुल गांधी यांच्या भाषणांबद्दल तक्रारी गेल्या, तर नोटिसा निघाल्या त्या त्यांच्या पक्षांच्या अध्यक्षांच्या नावे. पोराने काच फोडली की चिठ्ठी घरच्यांना जाते, तशी.

दुसरी तक्रार मुहूर्ताची. संहिता कोणत्या दिवसापासून, यावर बराच वाद झाला होता. २००१ मध्ये ठरलं की घोषणेच्या दिवसापासून. त्यामुळे घोषणेच्या आदल्या दिवसाला आपल्याकडे अक्षय्य तृतीयेचं माहात्म्य आलं आहे. २०२४ मध्ये १४ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला, त्याच मध्यरात्रीपासून. वर्षानुवर्षं रखडलेल्या राज्यपालनियुक्त आमदारांपैकी सात जणांनी १५ तारखेला शपथ घेतली आणि नंतर काही तासांतच आयोगाची पत्रकार परिषद झाली. टोल गेला याचं मला दुःख नाही, मीही त्या वेशीवर तासन् तास काढले आहेत. पण सुतक लागायच्या आत लग्न उरकून घेणाऱ्या घरासारखं हे दिसतं, आणि त्या घरात पंगतीला आपणही बसतोच.

आता आमच्या घरात डोकावतो, नाहीतर हे संपादकीय फारच सोवळं होईल. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांनी पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापली. पी. साईनाथ यांनी ते उघड मांडलं, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पुढच्या वर्षी त्यावर अहवाल लिहिला. एकच मजकूर वेगवेगळ्या पत्रांत, वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावाने, स्वल्पविरामासकट. मतदाराची फसवणूक करायला तेव्हा मिरवणूक लागली नाही की पुतळा लागला नाही, नेहमीची शाई पुरली. आम्ही दिवाळी अंकवाले, वर्षातून एकदा निघणारे, आम्ही त्यातले नाही असं म्हणून मोकळे होतो. पण गेली कित्येक वर्षं आमच्या कथा-कवितांच्या मध्ये हात जोडलेले चेहरे झळकले आहेत, आणि त्या चेहऱ्यांच्या पैशातूनच कवींना मानधन गेलं आहे. पाच रुपयांच्या पणतीशेजारी पंधरा पदं लिहिलेला शुभेच्छुक आम्हीच मांडला. कधी लाज वाटली नाही, असं म्हणवत नाही. वाटली, आणि छपाईचं बिल समोर आलं की गेली.

२०२४ मध्ये ती चार पानं मोकळी झाली तेव्हा आम्ही दोन पानांवर नव्या लेखिकेची कथा घेतली, एक शब्दकोड्याला दिलं. चौथं पान राखून ठेवलेलं, रंगीत, मलपृष्ठाच्या आतलं. ते कोरं सोडणं परवडणारं नव्हतं. अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ रोख पैसे घेऊन आले आणि लाकडी घाण्याच्या तेलाची जाहिरात देऊन गेले. छान जाहिरात आहे, करडईची फुलं आहेत, फोटो कोणाचाच नाही. फर्मा मशीनवर चढल्यावर आमच्या व्यवस्थापकांनी खालचा पत्ता वाचला आणि म्हणाले, "अहो, हा घाणा तर साहेबांच्या मेहुण्यांचा."