गळती नव्हे, दार

पेशीतून बाहेर पडणाऱ्या प्रथिनाची एकच वाट आपण वर्गात शिकवतो. प्रथिन घडू लागताच त्याच्या आरंभी संकेतक्रम दिसतो, तो बघून त्याला आंतर्द्रव्यजालिकेत ओढून घेतले जाते. तिथून गॉल्गी संकुल, मग पुटिका, आणि पुटिका पटलाला मिळाली की प्रथिन बाहेर. ही वाट जॉर्ज पलाडे यांनी दाखवली, १९७४च्या नोबेलचे ते एक मानकरी. संकेतक्रमासाठी १९९९मध्ये गुंटर ब्लोबेल यांना आणि पुटिकांच्या वाहतुकीसाठी २०१३मध्ये रॉथमन, शेकमन व झ्यूडहोफ यांना नोबेल मिळाले. या वाटेविषयी माझी काहीच तक्रार नाही. इन्सुलिन याच वाटेने रक्तात उतरते. माझा आक्षेप आहे तो ‘एकच’ या शब्दाला.

इंटरल्युकिन-१ बीटा घ्या. आपल्याला ताप चढवणारे, सांधे सुजवणारे हे प्रथिन. त्याला संकेतक्रम नाही, आंतर्द्रव्यजालिकेत ते पाऊल टाकत नाही, तरी ते पेशीबाहेर मुबलक सापडते. यावर पूर्वपक्षाचे उत्तर ठरलेले आहे. पेशी मरते, फुटते, आतला ऐवज सांडतो. याला स्रवण म्हणणे म्हणजे फुटक्या मडक्याला पन्हळ म्हणणे.

हा मुद्दा हलका नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी सतत मरत असतात. द्रवात प्रथिन सापडले म्हणून ते स्रवले असे म्हणणाऱ्याने आधी गळतीचा हिशेब द्यायलाच हवा. तो देण्याची रीतही साधी आहे. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे विकर पेशीच्या पोटातच राहणारे. पेशी फुटली तर तेही द्रवात उतरणार. ते आतच राहिले आणि इंटरल्युकिन तेवढे बाहेर आले, तर मडके फुटलेले नाही.

१९९०मध्ये इटलीतल्या आन्ना रुबार्तेली, रोबेर्तो सित्या आणि सहकाऱ्यांनी नेहमीची वाट बंद पाडणारी औषधे वापरून पाहिली. इतर स्रावी प्रथिने आत अडकली, इंटरल्युकिन-१ बीटा मात्र बाहेर येतच राहिले. मग दार कुठले? २०१५मध्ये गॅसडर्मिन-डी या प्रथिनाचे काम उजेडात आले. त्याचा एक तुकडा पटलात शिरतो आणि अनेक तुकडे मिळून कडे बनवतात. पूर्वपक्ष इथे पुन्हा उठतो: हे तर पेशीला मारणारे प्रथिन! मारते, हे खरे. पण २०१८मध्ये दिसले की जिवंत महाभक्षी पेशीही याच छिद्रांतून इंटरल्युकिन सोडतात आणि सोडून झाल्यावरही जिवंत राहतात.

आणि हे छिद्र काही भगदाड नाही. त्याची रुंदी सुमारे २० नॅनोमीटर, आतून ते ऋणभारित. इंटरल्युकिनचे कच्चे रूपही ऋणभारित असल्याने मागे रेटले जाते. कॅस्पेज-१ या विकराने त्यातला ऋणभारित भाग छाटला की पक्के रूप सहज निघून जाते. गळतीला कच्चे-पक्के ओळखता येत नाही. याहून मोठा धक्का २०२१मध्ये बसला. अशा मरणाऱ्या पेशीचे शेवटचे फुटणेही निंजुरिन-१ या प्रथिनाच्या हातून होते. म्हणजे ज्या ‘आपोआप फुटण्यावर’ पूर्वपक्षाचा सगळा भर होता, तेही आपोआप नाही.

दुसरे उदाहरण मला याहून आवडते, कारण त्यात मरणाचा संबंधच नाही. एफजीएफ-२ हे रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारे प्रथिन, वस्तुमान सुमारे १८ किलोडाल्टन. ते पटलाच्या आतल्या पदरातल्या एका विशिष्ट फॉस्फोलिपिडला चिकटते. तिथे त्याचे रेणू एकमेकांना धरून पटलात स्वतःच स्वतःचे भोक पाडतात. बाहेर हेपरान सल्फेटच्या साखळ्या टपून असतात, त्या रेणूला धरतात आणि मागे जाऊ देत नाहीत. हायडेलबर्गच्या वाल्टर निकेल यांच्या गटाने हे टप्पे एकेक करून उलगडले. एका खेपेला लागणारा वेळ सुमारे २०० मिलिसेकंद, आणि रेणू घडी न उलगडता पार जातो. फॉस्फोलिपिडला धरणारी जागा बिघडवली की तेवढ्याच आकाराचे प्रथिन आतच राहते. सांडण्याला अशी अट कुठून असणार?

‘पण हे अपवाद’, ही शेवटची ढाल. डिक्टिओस्टेलियम या अमीबात २००७मध्ये आणि यीस्टमध्ये २०१०मध्ये संकेतक्रम नसलेले एसीबी हे प्रथिन ग्रास्प प्रथिनाच्या आधाराने बाहेर जाते, असे आढळले. यीस्टवरच्या या कामातले रवी मंजिताया पुढे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात आले. अमीबा, यीस्ट आणि माणूस या तिघांत जे सापडते, त्याला अपवाद कसे म्हणायचे? अशा स्रवणाला दिलेल्या ‘अपारंपरिक स्रवण’ या नावातली परंपरा आपल्या अभ्यासाची आहे, पेशीची नाही.

हा शब्दांचा वाद असता तर मी इतके लिहिले नसते. गळती मानली की उपाय बाहेर पडलेला माल वेचण्यापुरता उरतो. कॅनाकिनुमॅब हे औषध तेच करते: बाहेर आलेले इंटरल्युकिन पकडते, आणि त्याचा उपयोग आहेच. पण दार आहे असे मानले की दार लावण्याचा विचार सुचतो. दारू सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे दिली जाणारी डायसल्फिराम गोळी गॅसडर्मिनचे छिद्र बनू देत नाही, हे २०२०मध्ये पेशींत आणि उंदरांत दिसले. छिद्राला छिद्र म्हणून ओळखले नसते, तर या जुन्या गोळीकडे कोणी त्या नजरेने पाहिले असते का?

म्हणून जीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी फळ्यावर पेशी काढाल तेव्हा गॉल्गी संकुलातून जाणारा बाण जरूर काढा. त्याच्याशेजारी पेशीद्रवातून थेट पटलाकडे जाणारा दुसरा बाण काढा आणि त्यावर ‘एफजीएफ-२’ असे लिहा.