विश्लेषण : दिवाळखोरीचा अर्ज केला, मग वसुलीचे फोन थांबतात का?

धंदा बसला, नोकरी गेली किंवा घरातील आजारपणात होते नव्हते ते संपले, की आधी हप्ता थकतो आणि मग फोन सुरू होतात. एका कर्जाचे चार-चार एजंट, रोज नवा क्रमांक, नवा आवाज. काही जण वकिलाच्या सल्ल्याने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन वाजतो आणि ‘अर्ज केलाय’ असे सांगितल्यावर उत्तर मिळते : ‘तो तुमचा प्रश्न, आमचा हप्ता कधी भरता?’ हे उत्तर उद्धट आहेच. पण ते पूर्णपणे बेकायदा आहे का?

सर्वसामान्य माणसाला दिवाळखोरीचा कोणता कायदा लागू होतो?

अनेकांचा समज असा, की २०१६च्या दिवाळखोरी संहितेने (आयबीसी) सगळे बदलले. कंपन्यांपुरते ते खरे आहे. व्यक्तींसाठी संहितेत तिसरा भाग आहे, पण तो १ डिसेंबर २०१९पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. किराणा दुकानदार, रिक्षाचालक, पगारदार यांच्यासाठी तो अजून कागदावरच आहे. अत्यल्प उत्पन्न आणि ३५ हजार रुपयांपर्यंतचे कर्ज असणाऱ्यांना कर्जमुक्त करणारी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूदही त्याच भागात अडकून पडली आहे.

त्यामुळे आजही दोन ब्रिटिशकालीन कायदेच चालतात. मुंबईत १९०९चा ‘प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अॅक्ट’ आणि त्याखालील अर्ज उच्च न्यायालयात. पुणे, नाशिक, नागपूरसारख्या जिल्ह्यांत १९२०चा ‘प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी अॅक्ट’ आणि अर्ज जिल्हा न्यायालयात. नवी संहिता आली तरी हेच मार्ग खुले आहेत, असा खुलासा अर्थ मंत्रालयाला ऑगस्ट २०१७मध्ये करावा लागला होता. या कायद्यांखाली अर्ज करण्यासाठी देणे किमान ५०० रुपये हवे. आज हप्ता चुकल्याचा दंडही अनेकदा याहून जास्त असतो. यावरून कायद्याचे वय कळावे.

अर्ज दाखल होताच संरक्षण मिळते का?

गोंधळ इथेच होतो. जुन्या कायद्यांत अर्ज दाखल होणे आणि न्यायालयाने ‘दिवाळखोर’ ठरवणारा आदेश देणे यांत मोठे अंतर आहे. मुख्य संरक्षण आदेशानंतर मिळते. तेव्हा मालमत्ता मुंबईत ‘ऑफिशियल असायनी’कडे, तर जिल्ह्यात न्यायालय किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय धनको त्या कर्जासाठी नवा दावा लावू शकत नाही. अटकेपासून संरक्षणासाठी वेगळा अर्जही करता येतो. नव्या संहितेत मात्र अर्जाच्या दिवसापासूनच अंतरिम स्थगिती लागू होते, पण ती वर सांगितल्याप्रमाणे हमीदारांपुरती.

आता कायद्याचे शब्द नीट पाहा. जुना कायदा बोलतो दाव्यांबद्दल आणि मालमत्तेवरील हक्काबद्दल. नवी संहिता बोलते ‘कायदेशीर कारवाई’बद्दल. फोनचा उल्लेख दोन्हींत नाही. अमेरिकेत दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६२नुसार अर्ज दाखल होताच वसुलीची ‘कोणतीही कृती’ थांबते, त्यात फोन आणि पत्रेही आली. जाणूनबुजून फोन करत राहणाऱ्याकडून कर्जदार नुकसानभरपाई मागू शकतो. समाजमाध्यमांवर फिरणारे ‘अर्ज करा, फोन बंद’ हे सल्ले बहुधा तिथल्या कायद्याचे असतात. इकडे ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मग फोनवर अंकुश कोणाचा?

रिझर्व्ह बँकेचा. १२ ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकाने थकीत कर्जासाठी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करण्यास मनाई केली. सतत फोन करणे, धमकावणे, निनावी फोन, खोटी माहिती देणे, चारचौघांत अपमान करणे, कुटुंबीय, मित्र किंवा संदर्भ म्हणून दिलेल्या व्यक्तींच्या खासगी आयुष्यात घुसणे, हेही वर्ज्य. सूक्ष्मवित्त कर्जांसाठी वेळ आणखी कमी : सकाळी ९ ते संध्याकाळी ६. एजंट कितीही बदलले तरी जबाबदारी बँकेची किंवा वित्तसंस्थेची, ही यातील कळीची बाब.

दिवाळखोरीत असलेल्यांच्या दृष्टीने त्याहून उपयोगी मजकूर २४ एप्रिल २००८च्या जुन्या परिपत्रकात सापडतो. थकबाकीचा विषय न्यायप्रविष्ट असेल, तर प्रकरण वसुली एजंटकडे देताना बँकांनी अत्यंत सावधगिरी बाळगावी, असे त्यात म्हटले होते. ग्राहकाची तक्रार प्रलंबित असताना प्रकरण एजंटकडे देऊ नये (तक्रार वारंवार आणि खोडसाळ असल्याचे बँकेने पुराव्यानिशी ठरवले नसेल तर), आणि एजंटांचे फोन ध्वनिमुद्रित करावेत, हेही त्यातच. ‘सावधगिरी’ म्हणजे बंदी नव्हे, हे खरे. तरीही बँकेला लिहिताना हा आधार ‘फोन करू नका’ या विनवणीपेक्षा कितीतरी भक्कम ठरतो.

प्रत्यक्षात काय करावे?

एजंटशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो पुढच्या महिन्यात बदललेला असेल. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलने न्यायालयाचे नाव, अर्जाचा क्रमांक, दाखल केल्याची तारीख आणि आदेश झाला असल्यास त्याची प्रत पाठवावी. रिसीव्हर किंवा असायनी नेमला असेल, तर पुढील पत्रव्यवहार त्यांच्याशी करावा, असे स्पष्ट लिहावे. फोनच्या वेळा आणि क्रमांकांची नोंद ठेवावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. मात्र जो विषय न्यायालयात आहे, त्यावरील तक्रार लोकपाल घेत नाही. म्हणून तक्रार ‘कर्ज माफ करा’ अशी नको, एजंटच्या वागणुकीची हवी. अनेक अर्ज इथेच बाद होतात.

‘निदान पाचशे रुपये तरी टाका’ या आग्रहाला बळी पडण्याआधी वकिलाला विचारावे. मुदतीच्या आत केलेला आणि लेखी नोंद असलेला अंशतः भरणा कर्जवसुलीची कायदेशीर मुदत नव्याने सुरू करू शकतो. शिवाय अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप देण्यासाठी दिलेले पैसे १९२०च्या कायद्याखाली रद्द ठरू शकतात.

कोणत्या धमक्या पोकळ, कोणत्या नाहीत?

‘उद्या पोलीस घरी येतील’ ही बहुतेक वेळा पोकळ. हप्ता थकणे हा स्वतः गुन्हा नाही. पण धनादेश किंवा ऑटो-डेबिट न वटल्याचा खटला वेगळा असतो. अंतरिम स्थगितीमुळे धनादेशाचा फौजदारी खटला थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये स्पष्ट केले. अशा खटल्याची नोटीस आली, तर दिवाळखोरीच्या अर्जावर विसंबून गप्प बसू नये. घर किंवा वाहन तारण असेल, तर तारणावरील बँकेचा हक्कही शाबूत राहतो.

सर्वात मोठी पंचाईत जामीनदाराची. कर्जदार दिवाळखोरीतून मुक्त झाला तरी जामीनदार सुटत नाही. त्यामुळे एजंटचा फोन मूळ कर्जदाराकडून वळून कार्यालयातील सहकाऱ्याकडे किंवा मेव्हण्याकडे जातो, आणि तो फोन ‘नातेवाईकांना त्रास’ या मनाईत आपोआप बसत नाही. अर्ज करण्यापूर्वी जामीनदाराशी बोलणे म्हणून टाळू नये. त्याला हे एजंटकडून कळणे सर्वात वाईट.

पतसंस्था, सावकार आणि अॅप?

महाराष्ट्रात या तिघांचे मार्ग निराळे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१च्या दाखल्यावर चालते आणि दाद सहकार निबंधकांकडे मागावी लागते. खासगी सावकाराविरुद्ध २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. मोबाइलमधील संपर्कयादी उपसून नातेवाईकांना बदनामीचे संदेश पाठवणारे अॅप बहुधा नोंदणीकृत नसते. तिथे लोकपालाची वाट न पाहता १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा पोलिसांकडे जावे. अॅपमागे रिझर्व्ह बँकेची नोंदणी असलेली संस्था आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील डिजिटल कर्ज अॅपच्या यादीत तपासता येते.