एमआरआयच्या कागदावरचा खांदा

नामपूरच्या बाजारात उन्हाळ कांद्याची आवक वाढली की खांदे बोलू लागतात : गोण्या उचलणाऱ्या हमालांचे, चाळीत कांदा भरणाऱ्यांचे, शिवाय पाठीवरचा पंप घेऊन डाळिंब फवारणाऱ्यांचे. महिनाभर मलम लावून झालं की मालेगाव किंवा नाशिक, तिथे एमआरआय, आणि अहवालात ‘रोटेटर कफ फाटला आहे’ असा शेरा. मग बिनतोड वाटणारा पक्ष मांडला जातो : फाटलंय म्हणून दुखतंय, शिवल्याशिवाय थांबणार नाही, तोवर हात गळ्यात बांधून ठेवा. या युक्तिवादाची पहिली पायरीच कच्ची आहे.

रोटेटर कफ म्हणजे चार स्नायूंच्या कंडरांचं वेष्टण. दंडाच्या हाडाचा गोल माथा उथळ खोबणीत धरून ठेवणं हे त्याचं काम. वयाबरोबर ते झिजतं, विरतं, आणि बहुतेकदा मुकाट्याने. जपानमधल्या एका गावात ६६४ रहिवाशांचे खांदे सोनोग्राफीने तपासले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे २२ टक्के लोकांची कंडरा आरपार फाटलेली होती, आणि त्यांतल्या जवळपास दोनतृतीयांश लोकांना काहीच त्रास नव्हता. म्हणजे साठीच्या माणसाच्या अहवालातली फाट हे दुखण्याचं कारण असेलच असं नाही. हाड घासून कंडरेला जागा करून देण्याच्या शस्त्रक्रियेचंही तसंच. ब्रिटनमधल्या चाचणीत काहींचं हाड घासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काढली. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले (‘लॅन्सेट’, २०१८). हात बांधून ठेवल्याने तर सांधा आखडतो आणि स्नायू आणखी दुबळे होतात.

मग करायचं काय? बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम. यावर रास्त आक्षेप असा की रोजंदारीवरचा माणूस फिजिओथेरपीला किती खेपा घालणार? ब्रिटनमध्येच ७०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचं उत्तर आहे. तज्ज्ञाकडे सहापर्यंत खेपा घालणारे आणि एकदाच नीट समजावून घेऊन घरी व्यायाम करणारे, यांच्यात वर्षभरात फरक दिसला नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा फायदा पहिल्या काही आठवड्यांपुरता, तोही थोडाच. एक खेप मात्र खरी हवी. घाईत हातात कोंबलेला चित्रांचा कागद म्हणजे सल्ला नव्हे. आणि व्यायामाचे तेवढे दिवस डोक्याच्या वर गोणी चढवण्याचं काम दुसऱ्याने केलं पाहिजे, ही मुकादमाची जबाबदारी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : फाट वाढत गेली तर? वाढू शकते. नॉर्वेत लहान-मध्यम फाटींच्या १०३ रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा शिवून घेतलेले व्यायामवाल्यांपेक्षा काहीसे सरस ठरले. तरी व्यायामाच्या गटातल्या बहुतेकांना शस्त्रक्रिया लागली नाही; ज्यांना लागली, त्यांनी नंतर करून घेतली. तेव्हा शस्त्रक्रिया रद्द करा असं म्हणणं नाही, तिचा क्रम बदला एवढंच म्हणणं आहे. त्यालाही अपवाद आहे. ट्रॉलीवरून पडल्यावर ज्याचा कालपर्यंत चालणारा हात एकाएकी वर जाईनासा झाला, त्याने व्यायामात महिने घालवू नयेत आणि चोळून तर मुळीच घेऊ नये. त्याने त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा, कारण तुटलेली कंडरा आत सरकत गेली की शिवणं अवघड होत जातं.