शर्यतीचा रस्ता आणि रोजचा रस्ता

सायकलच्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यती मुळात जाहिरातीसाठीच जन्माला आल्या, हे एकदा मान्य करून टाकले की पुढचे बोलणे सोपे होते. साहस, जिद्द, क्रीडाभावना वगैरे शब्द नंतर आले. ते खोटे आहेत असे नाही. पण बारशाला हजर होता तो वर्तमानपत्राचा खप. पॅरिसमध्ये ‘ल व्हेलो’ हे क्रीडापत्र ऐन भरात होते आणि त्याच्यासमोर उभे राहू पाहणारे ‘लोतो’ रडतखडत चालले होते. तेव्हा लोतोचे संपादक आंरी देग्रांज यांना त्यांच्याच कचेरीतल्या जेओ लफेव्र या तरुण बातमीदाराने सुचवले की, सबंध फ्रान्सभर सायकली पळवाव्यात. १ जुलै १९०३ रोजी साठ स्वार पॅरिसजवळून निघाले. सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर कापून त्यांतले एकवीस परत पोहोचले. मोरिस गारँ पहिला आला आणि लोतोचा खप दुपटीहून अधिक वाढला. ल व्हेलो पुढच्याच वर्षी बंद पडले.

या युक्तीतली खुबी अशी की, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला शर्यत क्षणभरच दिसते. धूळ उडते, चार चेहरे झपकन पुढे जातात, संपले. उरलेली सगळी शर्यत वाचावीच लागते आणि वाचायची तर पत्र विकत घ्यावे लागते. पुढे १९१९ साली आघाडीवरच्या स्वाराला पिवळा सदरा दिला जाऊ लागला. लोतो पिवळ्या कागदावर छापत असे. इटलीतल्या शर्यतीत १९३१पासून तो सदरा गुलाबी झाला, कारण तिथल्या गाझेत्ता पत्राचा कागद गुलाबी. १९३०पासून तर फ्रान्सच्या शर्यतीपुढे जाहिरातदारांच्या गाड्यांचा अधिकृत ताफाच धावू लागला. टोप्या, मिठाया, नमुन्याच्या बाटल्या यांची उधळण करीत तो अजूनही धावतो. लोक तो पाहायलाही तितक्याच आवडीने जमतात. यात लपवाछपवी कुठेच नाही आणि म्हणूनच आम्हांला त्यात वावगेही काही वाटत नाही.

कालांतराने विकणारा बदलला. वर्तमानपत्रांच्या जागी शहरे आणि प्रांत आले. शर्यतीचा आरंभ आपल्या गावातून व्हावा, एखादा टप्पा आपल्या चौकात संपावा, यासाठी नगरपालिका रीतसर पैसे मोजतात. २०१७ साली फ्रान्सची शर्यत जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फहून निघाली ती अशीच. हेलिकॉप्टरमधला कॅमेरा द्राक्षांचे मळे, किल्ले, कारखाने, नद्या दाखवतो आणि मधूनमधून सायकलस्वारही दाखवतो. जर्मनांनी या व्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली आहे. उत्तेजक द्रव्यांची प्रकरणे उघडी पडली तेव्हा २००७ साली तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने फ्रान्सच्या शर्यतीचे थेट प्रक्षेपण मधेच थांबवले, प्रायोजकांनी पाठ फिरवली आणि जर्मनीची स्वतःची ‘डॉइचलँड टूर’ २००८नंतर बंद पडली. ती २०१८ साली पुन्हा सुरू झाली. नव्या रूपात तिच्याबरोबर ‘येडरमान’ म्हणजे कोणाही सोम्यागोम्यासाठी एक फेरी असते. ज्या रस्त्यावर व्यावसायिक धावतात, त्याच रस्त्यावर गावचा शिक्षक आणि पाववाला यांनाही सायकल हाकता येते. ही छोटी गोष्ट आम्हांला मोठी वाटते. ती का, ते पुढे येईलच.

आता आपल्याकडचे. २०२६च्या जानेवारीत, १९ ते २३ तारखांना, पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. जागतिक सायकल संघटनेच्या वर्गवारीत ती २.२ या श्रेणीची. यातला पहिला आकडा शर्यत अनेक टप्प्यांची असल्याचे सांगतो, दुसरा तिची पायरी सांगतो. या श्रेणीची शर्यत भारतात प्रथमच होत होती. एक छोटी प्रास्ताविक धाव आणि चार टप्पे मिळून सुमारे ४३७ किलोमीटर. हिंजवडीच्या संगणक-कंपन्या, मुळशी-मावळचे डोंगर, सासवड, बारामती, शेवटी बालेवाडी. शुभचिन्ह शेकरू, नाव इंदू. न्यूझीलंडचा ल्यूक मुडग्वे जिंकला. शर्यतीच्या नावाआधी बजाज हे नाव होते. ज्या शहराची सायकल स्कूटरने आणि मोटारसायकलने घालवली, त्या शहरातल्या सायकल-शर्यतीला दुचाकी-कारखानदाराने पैसे द्यावेत, यात एक काव्यगत न्याय आहे. पण तो विनोद करून आम्ही पुढे जातो, कारण पैसे कोणीतरी द्यावेच लागतात.

या शर्यतीला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. घाटांतून एकापाठोपाठ एक वळणे घेत जाणारा स्वारांचा तो लांबलचक पट्टा सुंदरच होता. ज्यांनी लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीतल्या ‘घाटाच्या राजा’ची बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शोधली आहे, त्यांना बोरघाट सायकलने चढणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. वर्तमानपत्र विकणारा वर्तमानपत्र विकतो. नको असेल त्याने घेऊ नये. जिल्हा विकायला निघालेल्या प्रशासनाचे तसे नाही. तिथे माल आपणच असतो. आपला रस्ता, आपला डोंगर, आपली रोजची वर्दळ. तेव्हा मांडणीत काय ठेवले आणि काय मागच्या खोलीत ढकलले, हे विचारण्याचा हक्क मालाला असलाच पाहिजे. शर्यतीसाठी मार्गावरचे रस्ते नव्याने गुळगुळीत केले गेले, हे सर्वांनी पाहिले. म्हणजे ते करता येतात. वर्षानुवर्षे ‘करता येत नाहीत’ असे जे सांगितले जात होते, त्याचे काय करायचे?

हे आम्ही घाटकोपरहून लिहीत आहोत, त्यालाही कारण आहे. पुण्यानंतर अशीच शर्यत मुंबईत व्हावी असे कोणाच्या तरी मनात आज ना उद्या येणारच. आणि तिचा मार्ग कसा आखला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. समुद्राकाठचा रस्ता, वांद्रे-वरळी सेतू, जमल्यास अटल सेतू. या दोन्ही सेतूंवर एरवी सायकलला मज्जाव आहे. त्या दिवशी मात्र तिथून दोनशे सायकली जातील, वरून चित्र देखणे येईल आणि दुसऱ्या दिवशी मज्जाव पुन्हा लागू होईल. पूर्व उपनगरे या चित्रात असणार नाहीत.

वास्तविक ‘उद्योगांतून जाणारी सायकल-यात्रा’ या शब्दांना शोभेल असा एकच रस्ता मुंबईत होता, तो म्हणजे लाल बहादूर शास्त्री मार्ग, जुन्या माणसांचा आग्रा रोड. घाटकोपरहून ठाण्याकडे निघावे तर विक्रोळीला गोदरेजची वसाहत, कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्हज, भांडुपला एशियन पेंट्स, गेस्ट कीन विल्यम्स आणि सिएट, मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन. जर्मन नावेही होतीच. मुलुंडला हेक्स्ट, ठाण्यात कोलशेतला बायर, खाडीपलीकडे कळव्याला सीमेन्स. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाटकांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. त्याला ना पिवळा सदरा होता ना हेलिकॉप्टर. हँडलला डब्याची पिशवी, पँटचा पाय साखळीत अडकू नये म्हणून घोट्याशी लावलेली क्लिप, मागच्या कॅरियरवर कधी शेजारच्या खात्यातला सोबती. टप्पे ठरलेले असत. चहाची टपरी, युनियनची कचेरी, बाजार, घर. यातल्या काही कारखान्यांच्या जमिनींवर आज मनोरे उभे आहेत आणि या रस्त्याची ओळख घाटकोपरच्या आर सिटीसारख्या मॉलांवरून सांगितली जाते. मॉलमध्ये सायकलने कोणी जात नाही. निदान पुढच्या दाराने जात नाही.

पण सायकल गेली, असे जे म्हटले जाते ते अर्धेच खरे. ती ज्यांच्या नजरेतून गेली त्यांचे ते म्हणणे आहे. पहाटे पाचच्या सुमारास घाटकोपर पश्चिमेच्या गल्ल्यांतून हिंडावे. निळ्या प्लास्टिकखाली पावाच्या लाद्या रचलेली सायकल आधी दिसते. मग दुधाच्या पिशव्यांची, मग वर्तमानपत्रांची. आठनंतर भोंगा वाजवत इडलीवाला येतो. एका बाजूला पातेले, दुसऱ्या बाजूला चटणीचा डबा, आणि हे सगळे असल्फ्याच्या चढावर ढकलत न्यायचे. दहाला स्टेशनवर डबे उतरतात. सुऱ्यांना धार लावणारा सायकल स्टँडवर उभी करून पेडल मारतो. त्याची सायकल जागेवरच किती किलोमीटर चालते याचा हिशेब कोणत्याही संघटनेने ठेवलेला नाही. रात्री बारानंतर कॅरियरला चहाची टाकी बांधून येणारा तो शेवटचा. ही सगळी मंडळी व्यावसायिक सायकलपटू आहेत, शब्दाच्या अगदी काटेकोर अर्थाने. त्यांच्यासाठी रस्त्याची एक वीतही राखून ठेवलेली नाही. जाहिरातीत ती येत नाहीत, कारण त्यांच्यामुळे शहर मागासलेले दिसते अशी समजूत आहे.

सायकलसाठी रस्ता राखण्याचा एक बेत मात्र घाटकोपरवरूनच जात होता, आणि त्याची हकीकत शर्यतींविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. तानसाहून मुंबईला पाणी आणणाऱ्या प्रचंड नळांच्या कडेने, मुलुंडपासून शीवपर्यंत, ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करण्याचे महापालिकेने ठरवले. ‘हरित वारी जल तीरी’ असे गोड नाव दिले. नळांच्या दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटर पट्टा सुरक्षिततेसाठी मोकळा करावा, असे उच्च न्यायालयाचे आदेश होते. त्यानुसार तिथली हजारो घरे पाडली गेली आणि त्यातल्या अनेकांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत, पाठवले गेले. २०१८च्या अखेरीस घाटकोपरच्या शेजारी विद्याविहारला, नळांपाशीच, ही माणसे ठाण मांडून बसली. सप्टेंबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. ज्यांना जायचे नाही त्यांना महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी. घरे पडली ती पडली. सायकलमार्ग मात्र सलग ३९ किलोमीटर कधी झालाच नाही. काही तुकडे झाले. नळाच्या कडेला राहणाऱ्यांत पाववाले असतील, रखवालदार असतील, सायकलने कामावर जाणारे असतील. सायकलच्या नावाने ज्यांना हलवले, त्यांतले पुष्कळ जण सायकलवालेच होते, असे मानायला आम्हांला जड जात नाही.

जाहिरात हा शब्दही घाटकोपरला हलकेपणाने उच्चारता येत नाही. १३ मे २०२४ रोजी वादळी पावसात छेडानगरला पेट्रोलपंपावर एक फलक कोसळला. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, फलक १२० बाय १२०चा. सतरा माणसे गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. तो फलक पूर्व द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या मोटारींना दिसावा म्हणून एवढा वाढवला होता. खाली पावसाला टाळत थांबलेली माणसे कोणाच्या नजरेच्या हिशेबात नव्हती. असल्फ्याच्या टेकडीवरच्या घरांच्या बाहेरच्या भिंती २०१८च्या सुमारास रंगवल्या गेल्या, तेव्हाही आम्ही हेच पाहिले. मेट्रोच्या खिडकीतून ती टेकडी खरोखर मोहक दिसते, रंगवणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. पण रंग कोणत्या बाजूला लागला? बघणाऱ्याच्या. वेगाने जाणाऱ्याच्या डोळ्यांसाठी शहर सजवायचे ही सवय जुनी आहे, आणि टप्प्यांची शर्यत ही त्या सवयीची सर्वांत गोजिरी आवृत्ती.

तरीही शर्यत नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईची शर्यत काढावी, पण एक टप्पा शीव ते कळवा, जुन्या आग्रा रोडने काढावा. दोनशे स्वारांच्या चाकांना जो डांबराचा पृष्ठभाग लागतो, तो घाटकोपर ते मुलुंड त्यानिमित्ताने होऊन जाऊ द्या. शर्यत गेल्यावर तो उरतो आणि पाववाल्याच्या चाकांनाही तो चालतो. नळाकडेचा अर्धवट मार्ग त्याआधी जोडून घ्यावा आणि ज्यांची घरे त्यासाठी गेली त्यांचा हिशेब शर्यतीच्या खर्चाच्या शेजारच्या रकान्यात छापावा. टप्प्याच्या आदल्या रविवारी जर्मनांसारखी सोम्यागोम्यांची फेरी ठेवावी, प्रवेशशुल्क न घेता आणि हेल्मेटच्या किमतीवरून माणूस न जोखता. इडलीवाला आला तर त्याला पातेल्यासकट येऊ द्यावे. आणि रस्ते बंद ठेवण्याची जी सूचना वाहतूक पोलीस आदल्या दिवशी काढतात, तिच्यात रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या खालोखाल एक ओळ वाढवावी. दूध, पाव आणि डब्यांच्या सायकलींना कोणत्या गल्लीतून, किती वाजेपर्यंत जाता येईल.